ती पहिली गोळी इंग्रजाची नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या महायुद्धावरच्या लेखात ‘ब्रिटिश फौजेची युरोपातली पहिली गोळी एका इंग्रज शिपायाने झाडली’ असं छापलंय. मी रणगाडा दलातून रिसालदार म्हणून निवृत्त झालो. आमचं शिक्षण नगरला. घोडे गेले तरी सवार, दफेदार, रिसालदार हे हुद्दे घोडदळाचेच राहिले. म्हणून हे वाक्य जरा टोचलं.

ती गोळी एडवर्ड थॉमसची. गाव नीना, टिपरेरी परगणा, आयर्लंड. रेजिमेंट ‘फोर्थ रॉयल आयरिश ड्रॅगून गार्ड्स’; ड्रॅगून म्हणजे घोडदळाचे शिपाई. 22 ऑगस्ट 1914 च्या सकाळी बेल्जियममध्ये, मोंसजवळच्या कास्तो गावाच्या रस्त्यावर जर्मन स्वारांची टेहळणी तुकडी समोर आली. कॅप्टन हॉर्नबी नंग्या तलवारीनिशी तिच्या मागे लागला. थॉमसची तुकडी पाठोपाठ गेली आणि घोड्यांवरून उतरून आडोशाला बसली. चारशे यार्डांवर एक जर्मन अधिकारी घोड्यावर अगदी उघड्यावर दिसत होता. थॉमसने नेम धरला. इंग्लंडातल्या सॉल्सबरीच्या मैदानावर चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, चाललीय असंच तेव्हा वाटलं, असं तो पुढे सांगायचा. क्षणभरात उलट गोळ्या यायला लागल्या.

तुम्ही चित्र मात्र तलवारीचं छापलंत. ड्रॅगूनचं निम्मं काम खाली उतरूनच असे. तिघांनी रायफल चालवायची, चौथ्याने चारही घोड्यांचे लगाम धरून मागे थांबायचं. या चौथ्याला कुणी पदक देत नाही.

थॉमस युद्धातून वाचला, मिलिटरी मेडल मिळवलं, नंतर ब्रायटनला एका थिएटरच्या दारावर दरवान म्हणून उभा राहिला. 1939 साली वारला. याच ब्रायटनच्या राजवाड्यात आपल्या जखमी शिपायांचं रुग्णालय होतं. तिथल्या टेकडीवर 53 हिंदू-शीख जवानांना अग्नी दिला, त्या जागी आज त्यांच्या स्मारकाची छत्री आहे.

त्या युद्धात दोन लाखांवर आयरिश लढले. 1922 नंतर स्वतंत्र आयर्लंडला ब्रिटिशांची चाकरी केलेल्या या माणसांची आठवण अडचणीची वाटू लागली. त्यात आपण त्यांना इंग्रज करून टाकायचं? आमच्या साताऱ्याकडच्या मिलिटरी अपशिंग्याचे जवानही ब्रिटिशांच्याच फौजेत पडले. त्यांना कुणी इंग्रज म्हणत नाही.

दुरुस्ती छापाल तेव्हा गावाचं नावही टाका, नीना.

आपला,
एक निवृत्त रिसालदार, सातारा