बदामाचा शिरा

रविवार, दुपार

प्रिय शके,

सप्रेम नमस्कार वगैरे. राखीपासून तुला एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. गुडघे आहेत तसेच. ह्यांची साखर आटोक्यात आहे, तोंड नाही.

मला झाडांची यादी करायची आहे. शाळेच्या बागेसाठी. पहिली ते चौथी मिळून त्रेचाळीस पोरं, बोअरला पाणी मार्चपर्यंत. व्यवस्थापन समितीने ठराव केला, ‘मुलांना बाधणार नाहीत अशीच झाडे लावावीत, यादी बाईंनी द्यावी.’ मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. आज पंधरावा दिवस.

पहिली खोडली ती फाटकाजवळची बिट्टी. आपण तिच्या बियांनी अख्ख्या सुट्ट्या खेळलो, पण बी पोटात गेली तर काळजाचे ठोके बिघडतात. लाल कण्हेर तिचीच बहीण. गुंजेवर दोन दिवस अडले. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे पोरांच्या हातावर मोजून दाखवायला दुसरं साधन नाही. पण चावून फोडलेली गुंज जीव घेते. धोतरा, एरंड, घाणेरी, सगळी गेली. रुई ठेवावी असं फार मनात होतं, बिबळ्या कडवा हे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं आणि पट्टेरी अळ्या उघड्यावर चरत असतात. पण चीक डोळ्यात गेला म्हणजे? सीताफळ लिहिलं आणि तुझी आजी आठवली. बियांची पूड डोक्याला चोळताना “डोळे मीट गं भवाने” म्हणून धपाटा घालायची. तेही खोडलं. शेवग्याला मुख्याध्यापकांनी हरकत घेतली, फांदी ठिसूळ, वर चढलेलं पोर खाली येणार. शिवाय पावसाळ्यात खोडावर सुरवंटांची गोधडी पसरते, ती खाज तू विसरली नसशील. बोर, लिंबू काटेरी. अळू खाजरं. समितीतले एकजण म्हणाले, “बाई, पेव्हर ब्लॉक टाका आणि प्लास्टिकचा हत्ती आणा.” हत्ती बिनविषारी असतो हे खरं.

त्यात शाळेचं वर्ष आणि झाडांचं वर्ष जुळत नाही. करवंदं मे महिन्यात, आंबा मे महिन्यात, आपलं राज्यफूल तामण तेसुद्धा ऐन सुट्टीत फुलतं. पोरांनी शाळेत असताना बघायचं काय, तर नुसती पानं. म्हणून तेरडा नक्की केला. श्रावण-भाद्रपदात फुलतो, पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की फट्‌कन उडतं, पाणी वरचंच पुरतं. कढीपत्त्याला कुणाची हरकत नाही, खिचडीला लागतो. पण मी तो लावतेय त्याच्यावरच्या अळीसाठी. आधी ती पाखराच्या शिटेसारखी दिसते, मग कात टाकता टाकता हिरवीगार होते. हे समितीला सांगितलं नाही, नाहीतर फवारणीचा ठराव होईल. पेरू एक. लाजाळूला बारीक काटे असतात, तेही मी सांगणार नाही. आणि पानफुटी, वहीत ठेवायला. तुझ्या पानाला पाच फुटवे आणि माझ्या पानाला दोन, हे खोटं आहे, तू पान बदललं होतंस. मरेपर्यंत म्हणणार.

आता ऐक. हे सगळं का, ते.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस होते. मधल्या सुट्टीनंतर तासाभराने तिसरीतली सात पोरं पटापट ओकायला लागली. कुणीतरी ‘खिचडी’ म्हणालं आणि झालं. रुग्णालयात पोचेपर्यंत निम्मं गाव आमच्या खिचडीवाल्या मावशींच्या अंगावर धावून गेलेलं. तेल कसलं होतं, डाळ कधीची, हात धुतले होते का. ती बाई पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकून उभी.

आणि शके, मला पहिल्या पोराच्या ओकारीतच दिसलं होतं. पांढरे तुकडे, एक काळं टरफल. मोगली एरंड. आपल्याला दोघींना ते कुणी शिकवायला नको. कुंपण त्याचंच आहे, आणि नऊ वर्षांपूर्वी त्या फांद्या मीच खोचल्या होत्या. शेळ्या तोंड लावत नाहीत, फांदी नुसती खोचली तरी जगते, फुकटचं कुंपण. वा बाई, म्हणाले होते सगळे.

मी गप्प बसले. अर्धा तास. मावशींकडे बघत. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, “नक्की काय खाल्लंय, कुणाला काही ठाऊक आहे?” तेव्हा तोंड उघडलं. सलाईन लावलं, पोरं रात्रभर ठेवली, सकाळी सातही जणं बिस्किटं मागत होती. त्यांनी काय सांगितलं असेल? “बाई, शेंगदाण्यासारखं लागतं.” मला माहीत नाही का!

तुमच्या गोठ्यामागे बंड्याला आपण केळीच्या पानावर बदामाचा शिरा वाढला होता. रात्री मोठ्यांनी विचारलं, तर दोघी एका सुरात म्हणालो, जत्रेतली भजी. पुढच्या वर्षी रघूनानांची कढई देवळापुढे लागली नाही. तेव्हा आपण नऊ वर्षांच्या होतो, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आता छप्पन्न आहे.

मावशींच्या घरी जाऊन आले. त्यांनी चहा केला, मी बोलले, त्या म्हणाल्या, “जाऊ द्या बाई, तुम्ही सांगितलंत ना.” अर्धा तास त्यांनी मोजला नाही, का मोजून गप्प राहिल्या, कळलं नाही.

कुंपण परवा तोडलं. तोडायच्या आधी चारी वर्गांना कडेने फिरवलं, प्रत्येकाच्या हातात पान दिलं, बी फोडून दाखवली. एक झाड ठेवावं असं मला वाटतंय, तारेच्या आत, नाव लिहून. नाहीतर ही पोरं बांधावर कुठलं झाड ओळखणार? समिती ऐकणार नाही.

तुझं काय? सूनबाईंचं डोहाळजेवण कधी? इमारत पाडायला घेतली का, का अजून सह्याच चालल्यात? भाड्याचं घर तळमजल्यावर बघ.

आणि एक काम कर. जत्रेत हल्ली रघूनानांच्या घरचं कुणी असतं का, ते तुझ्या भावाला विचार. कशाला हवंय म्हणाला तर काहीतरी थाप मार, तुला जमतं.

तुझी,
सुमी