वादळात विमान वळवणाऱ्या वैमानिकाला पाठबळ हवे

संपादक महोदय,

वादळी पावसामुळे मुंबईत उतरू न शकलेले विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला वळवले गेले, की प्रवाशांचा सगळा राग कर्मचाऱ्यांवर निघतो. खोळंबा होतो, पुढची विमाने चुकतात, हे खरेच आहे. परंतु या रागाचे आणि कंपन्यांच्या वेळापत्रकाचे ओझे अखेर कॉकपिटमधल्या निर्णयावर येऊन पडते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोझिकोडला भर पावसात धावपट्टीबाहेर गेले, टेकडीच्या कडेवरून खाली कोसळले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले, वायुदलात विंग कमांडर राहिलेले कॅप्टन दीपक साठे यांच्या हाती ते विमान होते. चौकशी अहवाल वाचताना मन विषण्ण होते. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला म्हणून विमान पुन्हा वर नेण्यात आले. अन्यत्र जाण्याइतके इंधन शिल्लक होते. तरीही दुसऱ्या बाजूने, पाठीमागून वारा असताना, उतरण्याचा प्रयत्न झाला आणि सुमारे २७०० मीटरच्या धावपट्टीचा जवळजवळ अर्धा भाग ओलांडल्यावर चाके टेकली. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून विमान पुन्हा वर न्या, असे म्हटले होते, पण उतरणे थांबले नाही. अहवालाने कार्यपद्धती न पाळल्याचा ठपका ठेवला आहेच, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यातली दुसरी नोंद: कोझिकोडला कॅप्टन पुरेसे नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही याच कॅप्टननी करायचे होते. विमान दुसरीकडे नेले असते, तर ते उड्डाण अडले असते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. १ जून १९९९ रोजी अमेरिकेतील लिटल रॉक येथे, दोन तासांहून अधिक उशिराने निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे विमान गडगडाटी वादळात उतरवण्यात आले. घाईगर्दीत पंखांवरचे स्पॉइलर सज्ज करायचे राहून गेले. चाके टेकताच हे फलक उभे राहिले, तरच पंखांचा उचल देणारा जोर ओसरून विमानाचा भार चाकांवर येतो आणि ब्रेक नीट लागतात. ते घडले नाही, ओल्या धावपट्टीवरून विमान पुढे गेले आणि कॅप्टनसह ११ जण दगावले.

खोळंब्याचाच हिशोब मांडायचा, तरी घाई परवडत नाही. १ जुलै २०१९ रोजी मुंबईत जयपूरहून आलेले विमान पावसात मुख्य धावपट्टीच्या टोकापुढे जाऊन रुतले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि कितीतरी उड्डाणे रद्द करावी लागली. वळवलेल्या विमानातल्या प्रवाशांचे फार तर काही तास जातात.

म्हणून माझी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला विनंती आहे, की पावसाळ्याच्या महिन्यांत प्रत्येक कंपनीकडे पुरेसे राखीव वैमानिक असल्याची खातरजमा करावी आणि हवामानामुळे विमान वळवणाऱ्या वैमानिकाला त्याबद्दल कोणतीही झळ लागणार नाही, हे तपासणीतून सिद्ध करून घ्यावे. नियम नुसता कागदावर असून भागणार नाही. वळवलेल्या विमानातील प्रवाशांना पाणी, जेवण आणि वेळच्या वेळी खरी माहिती देण्याची जबाबदारीही कंपन्यांनी चोख पार पाडली पाहिजे. प्रवाशांचा निम्मा संताप उशिरापेक्षा कोणी काही सांगत नाही यामुळे होतो, आणि तो सहन करावा लागतो तो विमानातल्या केबिन कर्मचाऱ्यांना, ज्यांचा त्या निर्णयाशी काही संबंधही नसतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे