काका, बाबांना डोंग्यात (छोट्या होडीत) बसवल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तेरवीच्या पंगतीत जो तो म्हणत होता, पोरींनी बापाची मोठी सेवा केली. तुम्ही तिथंच मान खाली घालून पत्रावळी उचलत होता. तुमचंही नाव घ्यावं असं ओठावर आलं होतं, पण पाहुण्यांच्या गर्दीत बोलायचं राहून गेलं. म्हणून हे चार लोकांच्या देखत लिहिते आहे. नातीला मोबाईलवर वाचून दाखवायला सांगा.

ज्यांनी बाबांना पाहिलं नाही त्यांना आधी थोडं सांगते. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातला शेतकरी माणूस. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी कसा बांधला ते ऐकावं लागे. जसं काही माती वाहायला हे स्वतः हजर होते! आमच्या गावामागचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांचा तलाव, त्यामानानं लहानसा. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, पण पाळीत, म्हणजे तलावाच्या बांधात, खेकड्यांनी बिळं केली की बाबा कुदळ घेऊन निघत. आई म्हणे, सरकारला डोळे नाहीत का? ते म्हणत, सरकारच्या धानाच्या बांधीत पाणी जात नाही, आपल्या जाते.

पावसाळ्यात तलाव आणि उन्हाळ्यात जंगल, असं त्यांचं वर्ष. मोहफुलं पडायला लागली की पहाटेच टोपली घेऊन बाहेर. येताना दुपट्ट्याच्या टोकाला गाठ असायची, त्यात रानफळं, कधी टेंबरं, कधी चारं. गाठ सोडायचा मान आम्हा बहिणींचा, त्यांनी स्वतः कधी सोडली नाही. बुद्ध पौर्णिमेला वनखात्याच्या प्राणीगणनेला मचाणावर बसायला मिळालं तर स्वारी खूश. सकाळी घरी आले की अंगणात अस्वलाची चाल करून दाखवत. एवढा जंगलात रमणारा माणूस, पण दिवेलागणीला घरी नाही असं होत नसे. मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतलं, नाटक असलं तर रेंगीत (छोट्या बैलगाडीत) धानाचं तणीस अंथरून आम्हा सगळ्यांना घेऊन जात. आम्ही रात्रभर नाटक पाहायचो आणि ते बैलांजवळ घोरत पडायचे. पूर्ण नाटक त्यांनी एकही पाहिलं नसेल.

अशा माणसाला लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढत चालणं आलं, जीभ जड झाली. गोंदियाहून घरी आणल्यावर आम्ही गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून लावल्या, छपरीत खाट टाकली. येणारा जाणारा विचारे, "कसं आहे पाटील?" ते म्हणत, "हाव," म्हणजे हो. बरं वाटते का? हाव. जेवले का? हाव. भेटायला येणारे हळहळत, पेरू ठेवत आणि जात.

तुम्ही आलात ते फाटकं जाळं खांद्यावर टाकून. तब्येतीचं एक अक्षर विचारलं नाही. "पाटील, हे शिवाचं आहे, माह्यानं होत नाही," म्हणालात आणि जाळं त्यांच्या मांडीवर टाकून दिलं. जन्मभर जाळी विणणाऱ्या ढिवराच्या हातानं होत नाही म्हणे! बाबांनी डाव्या हातानं घातलेल्या गाठी मी पाहिल्या आहेत. त्यातून झिंगाच काय, मरळीएवढा मोठा मासासुद्धा निघून गेला असता. तुम्ही ते जाळं तसंच वापरलंत.

मग दिवाळीनंतर, पाणी शांत झाल्यावर, डोंगा. आई घाबरली होती. तुम्ही तणीस भरलेलं पोतं पाठीशी टेकवलं, त्यांचाच दुपट्टा कमरेला आवळला आणि त्याला दोन रिकाम्या प्लास्टिकच्या कॅन बांधल्या. "बाई, पाटील बुडाले तर मी वर येणार नाही," असं तुम्ही आईला सांगितलंत, ते तिला अजून पाठ आहे. पाळीवर उभी राहून मी पाहत होते. डोंगा कमळांच्या पानांपाशी गेला आणि तिथून बाबांचा आवाज आला: "तिकडं नाही बे, खाली घे!" घरी एका शब्दावर आलेला माणूस तुम्हाला शिव्या घालत होता, आणि तुम्ही मुद्दामच चुकीच्या दिशेनं वल्हवत होता. होय ना?

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट तुम्हीच सांगितलीत. मरळीची पिलं पाण्यावर आली होती, लाल ठिपक्यांचा गोळा वळवळावा तशी. त्यांच्या खाली मरळीची जोडी राखण करत असते, पिलांना सोडून पळत नाही, त्यामुळे तेव्हा ती सहज हाती लागते. बाजारात जिवंत मरळीचा भाव सगळ्यांनाच ठाऊक आहे. बाबांनी डावा हात आडवा धरला आणि तुम्ही उचललेलं फेकजाळं खाली ठेवलंत. पोट जाळ्यावर, तरी ठेवलंत. ज्याचा शब्द घरात फक्त औषधापुरता उरला होता, त्याचा शब्द तलावावर तुम्ही चालवलात. याला सेवा म्हणतात की काय म्हणतात, मला ठाऊक नाही. गोळ्या तर आम्ही वेळेवर देतच होतो. पण डोंग्यातून आलेल्या दिवशी ते भाकर मागून घेत आणि नातवाला आज कोण कोण भेटलं ते सांगत: चक्रवाक, पाणकावळे, एकदा पाण्यातून पोहत जाणारी धामण. अर्धे शब्द तोंडानं, अर्धे हातानं.

आईनं पैसे पुढं केले तेव्हा तुम्ही रागावलात, "बसून राहाचं भाडं नसते" म्हणालात. पोळ्याच्या आधी बाबा गेले, त्या दिवशी मासेमार सोसायटीच्या कोणीच जाळं टाकलं नाही. हे तुमच्याच सांगण्यावरून झालं, ते आम्हाला नंतर कळलं. खांदा देणाऱ्यांत तुम्ही पहिले होता. त्या सगळ्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

आता कामाचं. बाबांच्या कुदळीला या वर्षी हात लागला नाही, आणि तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाजवळ, पाळ खचते आहे असं धाकटी म्हणते. मी सुट्टीत येते तेव्हा तुम्ही सोबत चला, नेमकं कुठं भरायचं ते दाखवा. आणि आईचा निरोप: चिन्नोर तांदूळ निघाला की पहिलं पोतं तुमच्या घरी येईल. नाही म्हणू नका. म्हणालात तर ती स्वतः रेंगी जुंपून येणार आहे, आणि बैल तिचं ऐकत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
पाटलांची मोठी