कुंदा राहिला, बाकी सगळं जमलं

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

हे तुला फोनवर सांगता आलं असतं. खरं आपल्या शहापूर-वडगावात आणखी कुणाला हॉलंडची ट्यूलिपची बाग बघायची हौस आली तर त्यांनाही कळू दे, म्हणून उघडंच लिहिते.

आमच्या परसातला प्राजक्त वेचायला फ्रॉकचा ओचा करून यायचीस तू. आता तिकडे हॉलंडात लायडनला शिकतेस आणि फुलांचं मीच तुला विचारते.

आमच्या एजंटने मे अखेरची तारीख धरून दिली होती. पुण्याच्या नातवंडांना तेव्हाच सुट्टी, म्हणून आम्हीही खूश. "फुलं असतील की हो काकू," म्हणाला. तुला तारीख सांगितली तर तू एवढंच म्हणालीस, "काकू, झेंडूची तोरणं तुम्ही दसऱ्याला लावता की संक्रांतीला?" क्युकेनहॉफची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम आठ आठवडे उघडी असते, हे तेव्हा कळलं. ट्यूलिपचा ऐन बहर बहुधा एप्रिलच्या मध्याला. मग ती तारीख मोडून एप्रिलची धरली. आगाऊ दिलेले पैसे काही परत आले नाहीत. खरं बंद फाटक बघून परतण्यापेक्षा ते बरं! नातवंडं मात्र राहिली, त्याचं वाईट वाटतंय.

पण तुझे खरे उपकार कागदपत्रांचे. ह्यांच्या जुन्या दाखल्यावर बेळगाव, आधारवर बेळगावी. २०१४ साली गावाचं नाव बदललं, ते परदेशी साहेबाला कसं समजणार? त्यात माझं नाव मराठी शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर कन्नडमधून उतरलेलं दुसरं. रात्री साडेदहाला तू व्हिडिओवर होतीस. मी कट्ट्यावर एकेक कागद धरत होते, बोट ठेवत होते, आणि तू म्हणत होतीस, "जरा वर घ्या, अक्षर दिसत नाही." मग दोन्ही नावं एकाच गावाची आणि दोन्ही स्पेलिंगं एकाच बाईची, असं साधं अर्धं पान लिहून दिलंस. ते जोडलं, बोटांचे ठसे देऊन आलो आणि व्हिसा आला. अर्ज सहा महिने आधी भरता येतो आणि विमा निदान ३० हजार युरोंचा लागतो, हेही तूच सांगितलंस. एजंट "शेवटी बघू" म्हणत होता.

बागेचं तिकीटही वेळ ठरवून घ्यायचं असतं म्हणे. सकाळचं घे म्हणालीस, घेतलं. लायडनहून बस आहे म्हटल्यावर तर ह्यांची काळजीच मिटली.

ह्यांना एकच गोष्ट पटेना. ३२ हेक्टरांत दर वर्षी सुमारे ७० लाख कंद हाताने लावायचे, तेही थंडीच्या तोंडावर! तू समजावलंस की ट्यूलिपच्या कंदाला थंडी मिळाल्याशिवाय तो नीट फुलतच नाही. लवकर आणि उशिरा फुलणारे कंद एकाच वाफ्यात एकावर एक थरांनी लावतात, म्हणून एक ओसरलं की दुसरं वर येतं. आणि शेजारच्या शेतांत शेतकरी उमललेली फुलं छाटून टाकतात, कारण त्यांना विकायचा असतो कंद, आणि फूल छाटलं की सगळी ताकद कंदात उतरते. कडोलीच्या शिवारात शेवंतीवर जन्म काढलेला माणूस, फूल छाटायचं म्हटल्यावर गप्पच झाला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ते शेत दाखव म्हणावं पोरीला. बाग राहिली तरी चालेल." शेतात पाय ठेवायचा नाही, बांधावरूनच बघायचं, हे मी त्यांना आत्तापासूनच बजावते आहे.

एप्रिल असला तरी स्वेटर घेतलेत. कुंदा मात्र दुधाचा, तिकडे आणू देत नाहीत म्हणालीस, म्हणून नाही आणत. शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून ठेवली आहे. कुंदा इकडे आलीस की खा, गरम.

तुझी,
काकू
शहापूर, बेळगाव