नौपाड्यातल्या मेडिकलवाल्या दादांना

मेडिकलवाले दादा, नमस्कार.

हे तुमच्या काउंटरवर उभं राहून सांगणं जमलं नसतं. संध्याकाळी सातला अर्धा गोखले रोड तुमच्या पायरीवर असतो, आणि कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही "सुट्टे आहेत का, ताई?" म्हणून विषयच बदलता. म्हणून पत्र. नाव मुद्दाम घातलेलं नाही. नौपाड्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

माझा आजार तुम्हाला प्रिस्क्रिप्शनवरून ठाऊक आहेच, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते : सार्कॉइडोसिस. फुफ्फुसाचा हा आजार एक्स-रेवर टीबीसारखा दिसू शकतो, त्यामुळे निदानालाच वेळ गेला. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, रोज ४० मिलिग्रॅम. खोकला थांबला, जिना चढता यायला लागला. भूक वाढली, साखर वाढली, झोप उडाली आणि चेहरा असा गोल झाला की पाडव्याच्या शोभायात्रेत कौपिनेश्वरापाशी भेटलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, ठाणं मानवलेलं दिसतंय तुला!" नातेवाइकांच्या लेखी स्टेरॉइड म्हणजे विषच. मी त्याला कधीच शिव्या दिल्या नाहीत. १९५० साली ज्या शोधाला नोबेल मिळालं, त्याच घराण्यातली ही गोळी. माझा श्वास तिनेच परत आणला.

चाळीसवरून दहापर्यंत भराभर उतरले. पुढे मात्र दम निघाला. आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. महिनोन्महिने ते काम बाहेरून आलेल्या गोळीने केलं, की मेंदूकडून ग्रंथींना हुकूम येणं बंद होतं आणि त्या सुस्तावतात. साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे शरीराची रोजची गरज. त्याच्या खाली गेलं की ग्रंथींनी स्वतः उठून कामाला लागायचं, आणि त्या काही लगेच उठत नाहीत. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायला नको वाटायचं. सांधे ठणकायचे, मळमळायचं, उभं राहिलं की गरगरायचं, आणि फळ्यावर लिहिता लिहिता कारण नसताना रडू यायचं. आजार परत आला की काय, ही भीती वेगळीच. डॉक्टरांनी तपासण्या करून तो परतलेला नाही हे सांगितलं. औषध सुटतानाचा त्रास आहे म्हणाले. घरचे तर पेढे वाटायच्या बेतात : आता अडीच-पाचवर आलीस, सुटलीस! तेव्हा तुम्ही एकट्याने म्हटलंत, "ताई, आता खरं जपा."

डॉक्टरांनी एक दिवस पाच, एक दिवस अडीच असं लिहून दिलं होतं. मी म्हटलं, सोपं आहे, सम तारखेला पाच आणि विषमला अडीच. तुम्ही बिल करता करता मान वर केलीत : "आणि ३१ नंतर १ येते तेव्हा?" दोन्ही विषम! मग मार्कर काढून तुम्ही प्रत्येक गोळीच्या मागे तारीख घातलीत. गिऱ्हाइकं खोळंबली, एक आजोबा चांगलेच वैतागले, तुम्ही ढिम्म. नाश्ता झाल्यावर सकाळीच घ्यायची, रात्री नको, हेही तुम्ही दर वेळी सांगायचात. मी शिक्षिका आहे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याचे कष्ट मला माहीत आहेत.

मावसभावाने कुणा वैद्याची पुडी आणली होती, सांधे दोन दिवसांत मोकळे होतात म्हणून. ती तुम्हाला दाखवली तर तुम्ही वासही घेतला नाहीत. अशा निनावी पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइडच मिसळलेलं सापडतं, इतकंच म्हणालात. डॉक्टर एका हाताने काढत होते ते मी दुसऱ्या हाताने परत घेतलं असतं!

पण पत्र लिहायचं खरं कारण पावसाळ्यातला तो ताप. मी फक्त पॅरासिटामॉल घ्यायला आले होते. तुम्ही गोळ्या हातात धरून ठेवल्यात आणि विचारलंत, "स्टेरॉइड कितीवर आहे? डॉक्टरांना फोन केलात?" मी नव्हता केला, व्हायरलला कोण करतं? तुमच्यासमोर उभं राहूनच केला. ताप असेपर्यंत डोस दुप्पट करा म्हणाले, आणि उलट्या होऊन गोळी पोटात ठरली नाही तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा, इंजेक्शन लागेल. एरवी तापात शरीर आपणहून जास्त कॉर्टिसॉल सोडतं. सुस्तावलेल्या ग्रंथींना ते जमत नाही, रक्तदाब कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. मला अगदी उलट वाटत होतं, की तापात निदान ही गोळी तरी कमी घ्यावी. डोस काय असावा हे तुम्ही एका शब्दानेही सांगितलं नाहीत, फोन लावायला लावलात. दुकानात उभं राहून स्वतःच डॉक्टर होणारे मी पुष्कळ पाहिलेत, म्हणून हे जास्त लक्षात राहिलं. त्याच दिवशी दुकानाच्या कार्डामागे आजाराचं नाव, औषध, डोस आणि डॉक्टरांचा नंबर लिहून दिलात आणि ते रेल्वे पासाच्या पाकिटात ठेवायला लावलंत.

आता बातमी. सकाळी आठला, गोळी न घेता, कॉर्टिसॉलची तपासणी झाली. आकडा चांगला आला आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली. मात्र वर्षभर तरी दाढ काढायची असो की ऑपरेशन, समोरच्याला आधी सांगायचं, अशी ताकीद आहे.

अडीचची एक स्ट्रिप उरली आहे. मोठं दुखणं आलं तर विचारून लागेल, टाकू नका, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या मार्करखाली तिची एक्सपायरी झाकली गेली आहे. शनिवारी आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला येईन तेव्हा तेवढी बिलावरून बघून सांगा.

तुमची,
नाश्त्यानंतरवाली ताई