मदतनिधीच्या कॉन्सर्टचा हिशेब: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

पूरग्रस्तांसाठी झालेल्या रॉक कॉन्सर्टला मी गेलो होतो. कार्यक्रम झकास झाला हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं रडगाणं वाटेल. शेवटच्या गाण्याला झाडून सगळे दिग्गज मंचावर आले. पाच गिटारी, तीन माइक आणि तालीम बहुधा शून्य. एक बुजुर्ग गायक पायाशी चिकटवलेल्या कागदावरून ओळी वाचत होते. त्यांच्या शेजारचा गिटारवाला दुसऱ्याच्या बोटांकडे बघत कॉर्ड पकडत होता. एरवी पोस्टरवर कुणाचं नाव वर यावरून अडून बसणारी ही मंडळी, पण त्या दहा मिनिटांत कुणीही दुसऱ्याचा माइक ओढला नाही.

पुढच्या तीन रांगा मात्र अर्ध्या रिकाम्या होत्या. मानाच्या पासांच्या.

तिकिटावर ‘मदतनिधीसाठी’ एवढंच छापलं होतं. किती आणि कुणाला, ते नाही. आयोजकांना दोनदा विचारलं. ‘हिशेब चालू आहे’ हे उत्तरही दोनदाच मिळालं.

कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. नियत साफ असूनही पैसा अडकतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सतारवादक रविशंकर आणि ‘बीटल्स’ बँडचे जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एका दिवसात दोन कार्यक्रम केले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार असे एकेक जण आले. वाद्यं जुळवून होताच लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा जुळवणंच एवढं आवडलं तर वादन आणखी आवडेल, असं रविशंकर हसत म्हणाले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाची त्याहून कितीतरी मोठी कमाई मात्र अमेरिकेच्या कर खात्याच्या घोळात वर्षानुवर्षं अडकली, कारण करसवलतीची कागदपत्रं कार्यक्रमाआधी झालीच नव्हती. सगळं काही आठवड्यांत उभं केलेलं, तेव्हा एवढी सवड कुणाला होती!

म्हणून मागणी एवढीच, की तिकीटविक्री सुरू होण्याआधी निधी कुठल्या संस्थेकडे जाणार ते नोंदवायची सक्ती करा आणि करसवलतीचा अर्ज आठवड्याभरात निकाली काढा. तिकिटावर मदतीचा वाटा छापला जावा. नव्वद दिवसांत जमाखर्च जाहीर व्हावा, त्यात मंच, प्रकाशयोजना, कलाकारांचा प्रवास आणि फुकट वाटलेले पास, सगळं यावं. खर्च होतोच, त्याला कुणाची हरकत नाही. कलाकार बिनमानधनाचे आले म्हणून ध्वनियंत्रणावाला फुकट येत नाही, आणि येऊही नये.

आणि पुढच्या वेळी आपल्याकडे मानाचा पास आला तर तो परत पाठवून तिकीट काढा. मागच्या बाजूला, उभ्या गर्दीत, जागा असते.

आपला,
एक तिकीटधारक