राजगडाला निघण्याआधी

पुणे, ४ जुलै

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

डोंगरातल्या रेस्क्यू टीमच्या सरावाला जाऊ का आणि शनिवारी चौदा जणांना घेऊन राजगडावर जाऊ का, असं तू एका दमात विचारलंस. समोर बसून बोलायला गेलं की तू "हो गं आई" म्हणत फोनकडे बघतेस, म्हणून लिहून देते. दोन्हींचं उत्तर हो. पण आधी राजगडाचं बोलू.

एक हिशेब मांड. दुपारी चार वाजता चोरदरवाजाखालच्या ओल्या कातळावर कुणाचा तरी पाय घसरला आणि घोटा मोडला, असं धर. रेंज शोधून फोन लागेपर्यंत अर्धा तास. टीममधलं कुणी दुकानात, कुणी ऑफिसात, कुणी शेतावर. त्यांनी हातातलं काम टाकून सामानासकट जमायला एक तास. पुण्यातून नसरापूर, मार्गासनी करत पायथ्याच्या गुंजवण्याला पोचायला दोन तास, शनिवारच्या गर्दीत जास्तच. स्ट्रेचर आणि दोर घेऊन वर चढायला आणखी दोन. वाजले साडेनऊ. जखमीला बांधून घ्यायला अर्धा तास आणि अंधारात, निसरड्या वाटेवरून खाली आणायला चार. पहाटेचे दोन, तेही सगळं सुरळीत झालं तर. ढगात बुडालेल्या गडावर हेलिकॉप्टर येईल, ही आशा ठेवू नकोस.

या दहा तासांपैकी पहिले साडेपाच तुमचे तुम्हालाच काढायचे आहेत. सॅक भरताना गडावर काय खायचं यापेक्षा हे साडेपाच तास डोळ्यांसमोर ठेव.

हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. मोबाईलचा टॉर्च चालणार नाही, एक हात अडकतो आणि बॅटरी जाते. जुलैत सूर्य सव्वासातला मावळतो, पण धुक्यात पावणेसातलाच पायाखालचं दिसेनासं होतं. दोन बाय तीन मीटरचं जाड प्लॅस्टिक, एक फोम मॅट, प्रत्येकाचा एक कोरडा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. जीन्स कुणालाही घालू देऊ नकोस, ती भिजली की संध्याकाळभर वाळत नाही. भिजलेलं अंग आणि माचीवरचा वारा एवढ्यानंही माणूस गारठतो, त्याला बर्फ लागत नाही. कुडकुडणारा माणूस बरा. कुडकुडणं थांबलं आणि बोलणं अडखळायला लागलं की घाबरायचं: ओले कपडे काढून कोरडे घाला, अंगाखाली मॅट आणि रिकाम्या सॅक सरकवा, वरून प्लॅस्टिक, आणि दोघांनी त्याला चिकटून बसा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही.

घोटा मोडलाय की मुरगळलाय हे वाटेवर ठरवत बसू नकोस, मोडलाच असं धरून चाल. बूट काढू नका, फक्त नाडी सैल करा. मॅट पावलापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळून वरून क्रेप बँडेज. बुटातल्या बोटांना मुंग्या आल्या किंवा ती बधिर झाली, तर बँडेज घट्ट झालंय. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून सलग दहा मिनिटं दाबून धरायचं. थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघितलं की पहिल्यापासून सुरुवात. उंचावरून पडलेल्याला मात्र बसतं करू नका, आणि मान जिथे आहे तिथेच धरून ठेवा.

पाणी पावसाळ्यातही माणशी तीन लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ग्लासभर पाण्यात ते सगळं ढवळून पाजणारे बहाद्दर प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांच्या हातून पाकीट काढून घे.

आता फोन. बोलायचं एकानेच आणि एकाच फोनवरून, बाकीचे फोन बंद. चौदा जणांनी चौदा ठिकाणी कळवलं की खाली तीन टीमना तीन निरोप मिळतात. ११२ लाव. डोंगरातल्या अपघातासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, ७६२०२३०२३१. त्या भागाच्या जवळची टीम कोणती, हे तेच बघतात. नंबर कागदावरही लिहून ठेव. आवाज तुटत असेल तर एसएमएस कर, कमी रेंजमध्ये तो बऱ्याचदा निघून जातो. आम्ही राजगडावर आहोत एवढ्यानं काही कळत नाही, गड केवढा पसरलाय. नकाशाच्या ॲपमधल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश येतात. दशांश चिन्हानंतरचे चार आकडे दिलेस तर दहा-अकरा मीटरच्या आत जागा सापडते, दोनच दिलेस तर एक किलोमीटर शोधावं लागतं. जीपीएसला रेंज लागत नाही, फोन एअरप्लेन मोडवर असला तरी ते चालतं. पुढे सांगायचं ते असं: कितीजण आहात, कुणाला काय लागलंय, शुद्धीवर आहे का, कोणत्या वाटेवर, धुकं किती, फोनची बॅटरी किती. त्यानंतर जागा सोडायची नाही. टीम वर येते आणि जखमी दुसऱ्या वाटेने खाली निघालेला असतो, याने रात्री वाया जातात.

शिट्टीचे संकेत सगळ्यांना शिकव. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. टॉर्चनेही हेच करता येतं. ओरडू नका; दहा मिनिटांत घसा बसतो आणि वाऱ्यात आवाज कुठून आला ते कळत नाही.

वाट चुकण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पावसाळ्यात गवत गुडघाभर वाढतं आणि पायवाट व ढोरवाट सारखीच दिसते. ढोरवाटा फुटत फुटत पठारावर विरून जातात. शेवटची खूण दिसून पंधरा मिनिटं झाली असतील, तर जिथे खात्रीची वाट होती तिथे परत जायचं. समोर घळ दिसली, खाली गावाचे दिवे दिसले, की उतरून जाऊ असं कुणीतरी म्हणणारच. त्याला थांबव. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, एखाद्या जिन्यासारखा. घळ पहिल्या थरात आरामात उतरते आणि थर संपतो तिथे सरळ कडा लागतो. वरून तो दिसत नाही. खाली कडा, मागे घसाऱ्याचा चढ, अशा जागी अडकलेल्यांना दोराशिवाय काढता येत नाही. ओढ्याच्या कडेने खाली गेलं की गाव लागतं, हे सपाटीवरच्या माणसाचं शहाणपण झालं.

ओढे ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. डोंगरातला ओढा जसा झटकन चढतो तसा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतोही. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, आवाज बदलला, की फोटो सोडून काठावर या. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर पाऊस पडत असतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकमेकांना धरून उभ्या असलेल्या कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. धरून उभं राहण्याने वाहत्या पाण्यात काही होत नाही, काठ आधी गाठावा लागतो.

नेढ्याकडे, म्हणजे कातळातल्या त्या आरपार भोकाकडे, जाणार असशील तर परफ्युम, धूर, आरडाओरडा काही नको, तिथल्या कड्यांना आग्या मोहोळं लागतात. उठलीच, तर हात न झटकता तोंड-मान झाकून लांब पळायचं, आणि काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून काढायचे. श्वास लागला, ओठ सुजले, तर गडावर थांबण्याचा प्रश्नच नाही.

फुरसं दगडांच्या सापटीत बसतं, हात टेकण्याआधी बघावं. साप चावलाच तर अंगठ्या, घड्याळ काढा, पाय हलणार नाही असा बांधा, आणि उचलून खाली आणा. चिरायचं नाही, आवळायचं नाही, चोखायचं तर नाहीच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून डॉक्टरांना दाखवायला न्यायची गरज नाही. निघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून लस आहे का, एवढं विचारून ठेव.

सरावाबद्दल. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, अशा टीम पैसे न घेता हे करतात, आणि तुला वाटतं तसं दोरावर लटकणं त्यात थोडं असतं. स्ट्रेचर एका वेळी सहाजण धरतात, उतारावर मागून दोराने आवरायला आणखी दोघं. पाच-दहा मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणून बदलीला माणसं धरून अठरा-वीस लागतात. पहिलं वर्षभर तू त्या वीसांतली एक असशील. दोराची पिशवी वाहशील, सराव झाल्यावर दोर धुऊन सावलीत वाळवशील. उन्हात वाळवलेला दोर आणि खाली पडून आपटलेलं हेल्मेट, दोन्ही बाहेरून चांगलीच दिसतात.

तिथे दोर झेडसारखा फिरवून वजन वर ओढायची झेड पद्धत शिकवतील. कागदावर तिने ओढ तिप्पट होते. पुलीऐवजी नुसते कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, वापरले तर घर्षणात त्यातलं बरंच जातं, म्हणून वजन असलं तरी पुल्या सोडून जायच्या नाहीत. मुख्य दोराला वेगळ्या अँकरवरचा, म्हणजे दुसऱ्याच पक्क्या आधाराला बांधलेला, दुसरा दोर हवाच. बेसॉल्टची धार ताणलेला दोर कापते, तिथे गोणपाटाची घडी तरी घाल. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, केस घट्ट बांध. मोकळा केस किंवा टी-शर्टचं टोक डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर आवरणाऱ्या साधनात, गेलं की माणूस मधेच अडकतो, आणि हार्नेसमध्ये, कमरेच्या पट्ट्यांत, नुसतं लटकून राहणं धोक्याचं असतं. दोराच्या टोकाला गाठ मारायला कधी विसरू नकोस.

गावातल्या लोकांचं ऐक. बांबूला चादर बांधून डोली करणारे आणि अंधारात वाट चालणारे तेच असतात. बऱ्याचदा जिवंत माणूस आणायचा नसतो, हे आत्ताच सांगून ठेवते. तशा वेळी पोलिसांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि फोन खिशातून काढायचा नाही.

फ्रिजवर कागद लावलाय. त्यात चौदा जणांची नावं, घरचे नंबर, रक्तगट, जाण्याची आणि येण्याची वाट, गुंजवण्यात जेवण सांगितलेल्या घराचा फोन, हे सगळं भर. बालेकिल्ल्यावर असलात तरी तीनला परत फिरायचं. नऊपर्यंत तुझा फोन नाही आला तर मी त्या घरी लावीन, दहाला ११२. उशीर होणार असेल तर "सगळे ठीक" एवढा मेसेज पुरे.

तुझी
आई

ता. क. गाडीचा नंबर कागदावर अजून कोरा आहे.